बटण दाबलं की झालं?

एकांनी लिहिलंय की ईडीएम (इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक) म्हणजे बटण दाबायचं आणि उड्या मारायच्या, त्यात वादन कुठलं? मला हे अजिबात पटत नाही.

टीबी-३०३ हे बेसचे सूर काढणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र घ्या. रोलँड या जपानी कंपनीने १९८१च्या सुमारास काढलं ते गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून. आवाज खऱ्या बेससारखा येईना, खप झाला नाही, १९८४ला उत्पादन बंद. मग जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळू लागलं. शिकागोच्या फ्यूचर (Phuture) या त्रिकुटाने सूर चालू असतानाच त्याची फिल्टरची, म्हणजे आवाजाचा पोत बदलणारी, बटणं पिळली आणि तो गुरगुरत, चिरकत वर चढणारा आवाज निघाला. १९८७च्या त्यांच्या रेकॉर्डपासून अॅसिड हाउस हा हाउस संगीताचा प्रकार रुजला. आणि मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२मध्येच याच यंत्रावर राग वाजवले होते! याचा मला फार अभिमान वाटतो.

हाउस आणि टेक्नो हे ईडीएमचेच प्रकार. हाउस शिकागोतल्या कृष्णवर्णीय आणि समलिंगी लोकांच्या क्लबांत वाढलं, टेक्नो डेट्रॉइटमध्ये. ज्यांना बाहेर जागा नव्हती त्यांनी स्वतःची जागा केली, म्हणून याला धांगडधिंगा म्हणणं मला लागतं.

आपल्या नागपुरात धुमाल, म्हणजे वरातीत गाडीवरून वाजणारा बँड, ऐकलाय ना? गाडीवर जनरेटर, कीबोर्ड, पॅडवर काठ्या मारणारा पोरगा. मागच्या वरातीत मी त्याच्या शेजारीच उभा होतो. समोरची गर्दी ढिली पडली की तो ठेका तोडायचा, दोन मात्रा गप्प राहायचा आणि मग पूर्ण जोराने परत यायचा. सगळी वरात एकदम उसळायची. क्लबातला डीजे ड्रॉपला, म्हणजे ठेका जोरात परत येतो तिथे, हेच करतो. त्या पोराला कोणी वादक म्हणणार नाही का?