जळगावहून जर्मनीला तीन आठवडे: लॅब्राडोरला सोबत न्यायचे तर सुरुवात कुठून?

केळीबाग_रावेर
राम राम मंडळी. मुलगी म्युनिकला आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघे तीन आठवड्यांसाठी जातोय, आणि लॅब्राडोरलाही न्यायचा विचार आहे. नर, वय चार, वजन ३१ किलो, तब्येत ठणठणीत. रेबीजची लस फेब्रुवारीत दिली आहे, कार्ड आहे. कातडीखालची ओळखीची चिप बसवलेली नाही. ट्रॅव्हल एजंट म्हणतो, "महिनाभर आधी सांगा, करून देऊ." आज मे संपत आलाय. महिनाभर पुरतो का? आणि इथून मुंबईपर्यंत त्याला न्यायचे कसे?

गुरांचा_डॉक्टर_धुळे
महिनाभर अजिबात पुरत नाही. एजंट बहुधा विमानाच्या बुकिंगबद्दल बोलतोय. युरोपीय महासंघाच्या हिशेबात भारत रेबीजसाठी यादीबाहेरचा देश आहे. त्यामुळे चिप, लस, रक्ततपासणी आणि तीन महिने थांबणे, हे सगळे याच क्रमाने व्हावे लागते. क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

आधी चिप. १५ अंकी, आयएसओ ११७८४/११७८५ प्रमाणाची. आपल्याकडे बऱ्याच दवाखान्यांत चिप आणि ती वाचणारा स्कॅनर तयार नसतो, फोन करून मागवून ठेवायला सांगा. टोचण्याआधी आणि टोचल्यावर, दोन्ही वेळा स्कॅन करून आकडा कार्डावरच्या स्टिकरशी जुळवा. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर पुढचा प्रत्येक कागद दुसऱ्याच कुत्र्याचा ठरतो.

चिपनंतर रेबीजची लस. फेब्रुवारीची लस चिपच्या आधीची, म्हणून ती धरली जात नाही. ती वाया गेली असे मात्र नाही: आधी लस झालेल्या कुत्र्यात नव्या डोसने प्रतिपिंडे (अँटीबॉडी) चांगली चढतात आणि पुढची तपासणी सहसा पहिल्या फटक्यात पास होते. चिप आणि लस एकाच दिवशी चालते, फक्त चिप आधी. कार्डावर लसीचे नाव, बॅच नंबर, दिल्याची तारीख, कुठवर वैध ती तारीख, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि चिपचा क्रमांक हवा. २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाच्या शिबिरांत मिळणाऱ्या चिठ्ठीवर यातले निम्मेही नसते. लस उत्तम असते, चिठ्ठी परदेशी चालत नाही.

लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त. प्रतिपिंडांचे प्रमाण मिलिलिटरमागे ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा जास्त हवे, आणि तपासणी महासंघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेतच. यादी त्यांच्या संकेतस्थळावर आहे. जवळच्या लॅबचा रिपोर्ट कितीही चांगला असला तरी निरुपयोगी. रक्त जळगावात काढले तरी चालते. साध्या लाल झाकणाच्या नळीत घ्या, गोठू द्या, मग सेंट्रिफ्यूज करून सीरम वेगळे करा आणि तेच थंड पॅकिंगमध्ये पाठवा. नळी हलवत, उन्हात तापलेल्या गाडीतून नेली की रक्तपेशी फुटतात, सीरम लालसर होते आणि नमुना नाकारला जाऊ शकतो. थोडके नको, दीड-दोन मिलि सीरम असू द्या. नळीवर आणि अर्जावर चिपचा क्रमांक.

तीन महिने मोजायचे ते रक्त काढल्याच्या तारखेपासून. रिपोर्टच्या तारखेपासून नाही, लसीच्या तर नाहीच. तुमच्यापुरता हिशेब: ४ जूनला चिप आणि लस, ६ जुलैला रक्त, ६ ऑक्टोबरनंतर प्रवेश. नोव्हेंबर आरामात जमतो. जुलै वाया घालवलात तर नाही.

एक फायदा लक्षात ठेवा. पुढची रेबीजची लस मुदत संपण्याआधी देत राहिलात तर हीच तपासणी युरोपसाठी पुन्हा करावी लागत नाही. एक दिवस जरी उशीर झाला तरी सगळे नव्याने.

केळीबाग_रावेर
डॉक्टरसाहेब, आभारी आहे. मुंबईत कोणता दाखला लागतो? की तुमच्याच सहीने भागते?

गुरांचा_डॉक्टर_धुळे
माझ्या किंवा कुठल्याही खासगी डॉक्टरच्या सहीने भागत नाही, सरकारी पशुवैद्यकाची सही लागते. आपल्याकडे ते काम केंद्राच्या पशु संगरोध आणि प्रमाणन सेवेचे, सगळे एक्यूसीएस म्हणतात. मुंबईत त्यांचे कार्यालय आहे. स्थानिक डॉक्टरचा तंदुरुस्तीचा दाखला, लसीचे कार्ड, तपासणीचा रिपोर्ट, तुमचे पासपोर्ट आणि तिकिटे हे सगळे तिथे लागते. कुत्रा दाखवावा लागेल असे धरूनच मुंबईचा मुक्काम ठरवा.

युरोपचा आरोग्य दाखला त्यांच्याच ठरलेल्या नमुन्यात असतो, तुमच्यासाठी जर्मन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. सोबत कुत्रा विकायला नेत नाही असे तुमचे प्रतिज्ञापत्र. नमुना त्या आठवड्यात नव्याने उतरवून घ्या, कुणाचा जुना फोटो भरून नेऊ नका. सहीपासून तिथल्या तपासणीपर्यंत १० दिवसांची मुदत. म्हणजे फार आधी काढूनही उपयोग नाही, आणि सुट्ट्यांच्या तोंडावर कार्यालय बंद सापडले तर पंचाईत. तारखा आधी फोनवर पक्क्या करा.

जाण्याआधी रक्ताची साधी तपासणी करून प्लेटलेट पाहा. आपल्या भागात गोचीड भरपूर, आणि गोचीडतापाचा कुत्रा बाहेरून धडधाकट दिसतो. नियमात हे नाही, तरी करा.

भुसावळ_यार्ड
मुंबईपर्यंतचे मी सांगतो. रेल्वेत कुत्रा एसी टू, थ्री किंवा स्लीपरमध्ये नेता येत नाही. फर्स्ट एसीत नेता येतो, पण दोघांचा कूपे किंवा चौघांची केबिन पूर्ण तुमच्या नावावर हवी. कूपे मिळाला की नाही हे चार्ट लागेपर्यंत नक्की नसते. दुसरा मार्ग गार्डाच्या डब्यातल्या डॉग बॉक्सचा, पार्सल ऑफिसमधून बुकिंग करून. ३१ किलोच्या कुत्र्याला रात्रभर त्यात घालणे मला पटत नाही. विमानाच्या आदल्या दिवशी तर नकोच.

म्हणून स्वतःची गाडी. जळगाव-धुळे-नाशिक करत सुमारे ४०० किलोमीटर. पहाटे निघा, दर दोन तासांनी पाणी आणि पाय मोकळे, कसारा घाटाआधी पोट रिकामे असलेले बरे.

आता पिंजरा. खरी अडचण इथेच येते. आयाटाचे, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे, माप असे: नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी (अ), जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत उंची (ब), खांद्यांची रुंदी (क), उभा असताना डोक्यापर्यंत किंवा ताठ कानांच्या टोकापर्यंत, जे उंच असेल ते (ड). पिंजऱ्याची आतली लांबी म्हणजे अ अधिक ब चा निम्मा, रुंदी क ची दुप्पट, उंची ड अधिक अंथरुणाची जाडी. समजा अ ९०, ब ३०, क २४, ड ६५ सेंमी. लांबी १०५, रुंदी ४८, उंची ६८ च्या आसपास. नेहमीचा "मोठा" म्हणून मिळणारा १०२ सेंमीचा पिंजरा इथेच बाद, आणि तेही बाहेरचे माप. त्यावरचा १२२ सेंमीचा घ्यावा लागतो. दुकानदार वजन पाहून साईज सांगतो, त्याचे ऐकू नका. टेप घेऊन बसा.

दोन भाग जोडायला धातूचे नट-बोल्ट हवेत, प्लास्टिकच्या क्लिपा काउंटरवर नाकारतात. चाके असतील तर काढा. हवेची भोके चारही बाजूंना. दाराच्या आतून दोन वाट्या अडकवायच्या, बाहेरून पाणी ओतता येईल अशा. खाली शोषून घेणारे अंथरूण. जोडलेला पिंजरा हॅचबॅकमध्ये शिरत नाही. दोन्ही भाग एकात एक ठेवून न्या आणि पाना सोबत घ्या.

केबिनमध्ये नेऊ देणाऱ्या कंपन्यांची मर्यादा पिशवीसकट साधारण ८ किलोच्या घरात, तेव्हा तुमचा गडी खालच्या होल्डमध्येच, म्हणजे सामानाच्या कप्प्यात. तिथे हवेचा दाब आणि तापमान राखलेले असते. एका विमानात मोजकेच प्राणी घेतात, म्हणून तुमच्या तिकिटाच्या आधी त्याची जागा पक्की करा. मुंबईहून थेट विमान घ्या. आखातात बदलायचे म्हणजे आणखी एका देशाचे नियम आणि उन्हाळा असेल तर धावपट्टीवरची झळ. झोपेचे औषध देऊ नका: रक्तदाब उतरतो, तोल जातो, आणि गुंगीतला कुत्रा कंपन्या परत पाठवतात. त्यापेक्षा आत्तापासून रोजचे जेवण पिंजऱ्यातच द्या, दार उघडे ठेवून. महिनाभरात तो आपणहून आत जाऊन झोपेल.

तापीपार
सगळे जाण्याचेच सांगताय. परतीचे काय? लोक अडकतात ते तिथेच.

एक्यूसीएसचा निर्यात दाखला परत येईपर्यंत सांभाळा. हा कुत्रा इथूनच गेला होता याचा तोच पुरावा. नाहीतर प्रश्न नव्याने कुत्रा आयात करण्याचा होतो आणि त्याचे नियम फार कडक आहेत. परतण्याआधी ना-हरकत मागावी लागते, ती कशी आणि किती दिवस आधी हे जातानाच त्या कार्यालयात विचारून लिहून घ्या. म्युनिकमध्ये तिथल्या सरकारी पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला लागेल, मुलीला आधीच वेळ घेऊन ठेवू द्या. रेबीजशिवाय डिस्टेंपर, पार्व्हो, हिपॅटायटिस आणि लेप्टोस्पायरोसिसच्या लसी चालू असू द्या.

परत उतरायचे ते दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद यांसारख्या, एक्यूसीएसची सोय असलेल्या विमानतळावरच. नंदुरबार-नवापूरकडच्यांना सुरत किंवा अहमदाबाद जवळ पडते, कुत्रा सोबत असताना तो विचार सोडा.

जाताना म्युनिकला उतरल्यावर कस्टम्सच्या हिरव्या रांगेतून निघू नका, लाल रांगेत जाऊन कुत्रा जाहीर करा. तुमच्यापैकी एकाचा आणि त्याचा प्रवास पाच दिवसांच्या आत व्हायला हवा. जर्मन रेल्वेत एवढ्या कुत्र्याला तिकीट लागते आणि मुसके बांधावे लागते, मुसक्याची सवय इथेच लावा. तिथून पुढे आयर्लंड, फिनलंड, माल्टा किंवा नॉर्वेला जाणार असाल तर पोचण्याआधी २४ ते १२० तासांत पट्टकृमीचे औषध डॉक्टरच्या हातून द्यावे लागते आणि त्याची नोंद हवी. जर्मनीपुरते नको.

चोपडा_नाका
आमच्याकडे पग आहे, साडेनऊ वर्षांचा. आम्हीही पुढच्या वर्षी नेऊ म्हणतो.

गुरांचा_डॉक्टर_धुळे
ताई/दादा, नका नेऊ. चपट्या नाकाच्या कुत्र्याला गर्मी आणि ताण आला की श्वास पुरत नाही, म्हणून कितीतरी कंपन्या पग-बुलडॉगला होल्डमध्ये घेतच नाहीत. त्यात हे वय. दोन-तीन आठवड्यांसाठी ओळखीचा माणूस घरीच राहायला बोलवा. लॅब्राडोर चार वर्षांचा, तयारीला पाच महिने हातात, म्हणून वर हो म्हटले. दोन्ही गोष्टी वेगळ्या.

अमळनेर_कट्टा
रॉटवायलर असेल तर? आणि अमेरिकेला हेच कागद चालतात का?

तापीपार
रॉटवायलर: म्युनिक ज्या बव्हेरियात आहे तिथे तो नियंत्रित जातींच्या यादीत आहे, आधी तिथल्या पालिकेत चौकशी. पिटबुल, अमेरिकन स्टॅफर्डशायर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर आणि बुल टेरियर यांच्या आयातीवर जर्मनीत बंदी आहे.

अमेरिका: ऑगस्ट २०२४ पासून वेगळे नियम. वय किमान सहा महिने, चिप, सीडीसीचा (तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा) फॉर्म. भारत त्यांच्या रेबीजच्या जास्त धोक्याच्या यादीत, म्हणून सीडीसीकडे नोंदलेल्या केंद्रात आधी जागा घ्यावी लागते. अशी केंद्रे आहेत त्याच विमानतळावर उतरायचे: अटलांटा, लॉस एंजेलिस, मायामी, न्यूयॉर्कचे जेएफके, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन डलेस. रक्ततपासणीचा वैध रिपोर्ट नसेल तर तिथे २८ दिवस विलगीकरण, तुमच्या खर्चाने.

केळीबाग_रावेर
कळले. चिप आजच मागवायला सांगितली, डॉक्टर म्हणाले आठवड्यात येईल. आल्यावर त्याच दिवशी लस. मापे घेऊन टाकतो, पिंजऱ्याचे भुसावळ_यार्ड यांनी जरा तपासून द्या.

भुसावळ_यार्ड
टाका. माप घेताना तो उभा हवा, मान सरळ. बसल्या कुत्र्याचे माप नको.