मदत हवी आहे: घरी कमावलेलं बोकडाचं केसाळ कातडं पत्र्यासारखं कडक झालंय

नमस्कार. मी बार्शी तालुक्यातला. आमच्या दादांना (वडिलांना) ओट्यावर कातडं टाकून बसायची सवय. आजोबांनी कमावलेलं एक होतं, घोंगडीसारखी घडी व्हायची त्याची. मागच्या पावसाळ्यात त्याला कसर लागली, केस पुंजक्यापुंजक्यानं गळाले. यंदा चैत्रातल्या जत्रेला घरचाच उस्मानाबादी बोकड कापला, काळाभोर, तुकतुकीत केसांचा. दादा काही बोलले नाहीत, पण ते कातडं हातात घेऊन बराच वेळ उभे होते. तेव्हाच ठरवलं की हे वाया जाऊ द्यायचं नाही.

आधी खडेमीठ चोळून तीन दिवस ठेवलं. मग बोथट विळ्यानं आतलं मांस, चरबी खरवडली. प्लास्टिकच्या टबात १० लिटर पाणी, १ किलो तुरटी, २ किलो मीठ, त्यात आठ दिवस. रोज दोनदा हलवत होतो. नंतर धुऊन बांबूच्या चौकटीवर ताणून सावलीत बांधलं. इथलं ऊन तुम्हाला माहीत आहे, चार दिवसांत खडखडीत वाळलं. आता टिचकी मारली की वाजतं. अर्ध्या भागाला खोबरेल चोळलं, तर तो भाग नुसता काळपट, तेलकट झाला. मऊ काही नाही.

केस मात्र घट्ट आहेत, वासही नाही. परत भिजवलं तर केस सुटतील का? तुरटी निघून जाईल का? मृगाच्या आत हे दादांच्या ओट्यावर घालायचंय. कृपया मदत करा.

प्रतिसाद १

तुम्ही शेवटची पायरी सोडलीत. तुरटी कातडं कुजू देत नाही, पण ते मऊ होतं हातानं. वाळताना आतले तंतू एकमेकांना चिकटत जातात. कातडं अर्धवट ओलं असताना सतत ओढत, चोळत राहिलं तरच ते सुटे राहतात. तुमचं ताणलेलं असतानाच पूर्ण वाळलं.

बादलीत बुडवू नका, तुरटी पाण्यानं निघून जाते. ओलं करून पिळलेलं फडकं फक्त मांसाच्या बाजूला पसरा, गुंडाळी करून रात्रभर ठेवा. सकाळी हाताला गार लागेल आणि वाकेल, पण पाणी सुटणार नाही, इतकंच ओलं हवं. मग लाकडी फळीच्या बोथट कडेवर मांसाची बाजू टेकवून दोन्ही हातांनी पुढंमागं ओढा. उभं, आडवं, तिरकं. ओढाल तिथं पांढरं पडत जाईल. तासभर ओढा, थोडं सुकू द्या, परत ओढा. एक अख्खा दिवस हाताशी ठेवा.

त्याआधी एक तपासणी करा. ओलसर झाल्यावर एक घडी घालून नखानं दाबा. घडीवर पांढरी रेघ उमटली तर तुरटी आत पोचलीय. शिंगासारखं पारदर्शक राहिलं तर तो भाग अजून कच्चाच आहे, कितीही ओढलात तरी उपयोग नाही.

प्रतिसाद २

वरचं अगदी बरोबर. त्यात एवढंच सांगतो: कुठे चकचकीत पापुद्रा दिसतोय का बघा. तो राहिला असेल तर तुरटीही आत जात नाही आणि तेलही नाही. तिथं जाड पॉलिश पेपर मारा. खोबरेलाच्या भागावर लाकडाचा बारीक भुसा चोळून झटका, तेल बरंच शोषलं जाईल.

तेल वापरायचंच तर अंड्याचा बलक घ्या. युरोपात हातमोज्यांचं पांढरं चामडं तुरटी, मीठ, पीठ आणि बलक यांतच कमावत. बलकातली चरबी पाण्यात मिसळते, म्हणून ओलसर कातड्यात शिरते. नुसतं खोबरेल वरच बसतं. दोन-तीन बलक कोमट पाण्यात फेटून फक्त आतून लावा. पाणी गरम नको, कच्च्या जागी कातडं आक्रसेल.

प्रतिसाद ३

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ढोरकाम, म्हणजे कातडी कमावायचं काम होतं. चुन्यात केस काढायचे, कातड्याची पिशवी शिवून टांगायची आणि त्यात बाभळीची साल, हिरडा यांचं पाणी भरायचं. कोल्हापुरी चपलेचं चामडं असंच होतं. तुमचं काम केस ठेवून आहे, त्यामुळे ती रीत इथं चालणार नाही, पण माझी आजी सांगायची ते इथंही लागू आहे: मान आणि पाठीचा कणा यांना पोटाच्या दुप्पट वेळ द्या. तिथं कातडं जाड असतं. आणि दादांना सांगा, तुरटीचं कातडं पावसात ओट्यावर राहू देऊ नका. मीठ दमट हवेत पाणी ओढतं.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल नखाची तपासणी केली. पोट आणि दोन्ही कुशींवर स्वच्छ पांढरी रेघ आली. मानेवर नाही, तिथं पापुद्राच होता. आमच्या विळ्याखालून तो सुटला होता. पॉलिश पेपरनं काढला. मानेपुरता भाग तुरटीच्या पाण्यात टांगून ठेवलाय, बाकीचं बाहेर राहील असा.

कुशीचा वीतभर तुकडा दुपारभर पाटाच्या कडेवर ओढला. मुठीत चुरगळतो आता. दादांनी शेजारी बसून दुसरं टोक धरलं होतं.

एकच विचारायचं राहिलं: मानेला पुन्हा आठ दिवस द्यावे लागतील, की तीन-चार दिवसांनी तपासून बघू?

प्रतिसाद ३

चौथ्या दिवशी बघा. मानेच्या अगदी कडेला बारीक काप द्या. कापात आरपार पांढरं दिसलं की काढा. मधे पारदर्शक पट्टी राहिली असेल तर राहू द्या अजून.