फोटोखाली नाव कुणाचं? बटण दाबणाऱ्याचं की दोघांचं?

गोदाकाठची: मी आणि नवरा बारा वर्षं निसर्गाचेच फोटो काढतोय. लग्नं, बारशी घेत नाही. पोट चालतं ते हॉटेलांच्या भिंतींवर, कॅलेंडरांवर आणि पावसाळी वर्कशॉपवर. प्रत्येक फोटोखाली दोघांची नावं. परवा कॅलेंडरवाला म्हणाला, "एकच नाव बसेल. पहिन्याचा धबधबा कुणी काढला?" नवरा पटकन म्हणाला, "माझं टाका, काय फरक पडतो!" मला पडला. जुलैतली पहाट, जागा आदल्या आठवड्यात मी हेरलेली. तो ट्रायपॉडशी, मी एका हातात छत्री धरून दुसऱ्या हातानं फिल्टर पुसतेय. धुकं क्षणभर फाटलं तेव्हा "आता!" म्हणाले मी. बटण त्याचं. नाव कुणाचं?

सह्यवेडा: त्याचं. छत्री धरल्याबद्दल नाव द्यायचं तर हरिहर गडाच्या पायऱ्यांवर माझी बॅग वाहणाऱ्या भाच्यालाही द्यावं लागेल. १९५७चा कॉपीराइट कायदाही फोटो काढणाऱ्यालाच कर्ता मानतो.

काळाकोट: त्याच कायद्यात संयुक्त कर्तृत्वही आहे हो. दोघांनी मिळून केलेलं काम, ज्यात एकाचा वाटा दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही. मग हक्क दोघांतल्या मागे राहणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. अर्थात नुसत्या छत्रीवर कोर्टात टिकणं अवघड. "आता!" म्हणाल्या, ते मात्र वजनदार आहे.

डार्करूम: जर्मनीतले फोटोग्राफर नवरा-बायको बर्न्ड आणि हिला बेखर बघा. पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, सगळं ढगाळ उजेडात आणि सगळं दोघांच्या नावानं. फोटोग्राफी रीतसर शिकलेली ती, तो मूळचा चित्रकलेचा. १९९०मध्ये व्हेनिसला पुरस्कार मिळाला तोही जोडीला. (आणि तोही शिल्पकलेचा!) दोघांचंच लावा.

सह्यवेडा: जर्मनीत चाललं म्हणून कॅलेंडरवाल्याला जागा होणारे का?

पेठरोडची काकू: मी दोघांच्याही विरुद्ध. बाई, वेगळी नावं लाव. तुझा ब्रह्मगिरी तुझा, त्याचा पहिने त्याचा. आम्ही दोघांनी वीस वर्षं दुकान चालवलं. पाटीवर ह्यांचं आडनाव, म्हटलं माझंही तेच आहे की. हे वारले आणि मी कर्जासाठी बँकेत गेले, तर साहेब विचारतो, "तुम्हाला धंद्याचा अनुभव किती?" खरेदीची वही माझ्या अक्षरातली होती. ती कुणी बघितली नाही.

डार्करूम: काकू, बँक वेगळी, कला वेगळी.

पेठरोडची काकू: तुला कधी कर्ज लागलं नसेल.

गोदाकाठची: काकू, रात्री हार्डडिस्क काढून बसले. फाइलमध्ये कॅमेऱ्याचा नंबर असतो, पण आम्ही चढावर कॅमेरे अदलाबदल करतो. रामशेजच्या एका फोटोवर तर दोघंही छातीठोकपणे म्हणतोय, मीच काढला. वेगळी नावं लावायची तर भांडण तिथूनच सुरू. पहिन्याचं मात्र कळवून टाकलंय, दोन नावं छापा नाहीतर फोटो परत. नवरा पैसे मोजत बसलाय, गेलेले.