बेळगावचा योगवर्ग : बेळगाव भागातून बाहेर गेलेल्यांच्या मंडळाच्या मेलिंग लिस्टवरची पत्रं

प्रेषक: नाना (कार्यवाह)
विषय: बेळगावच्या योगवर्गासाठी निधी

मंडळी, नमस्कार.

मागच्या सभेत जाता जाता बोलणं झालं होतं, ते आता रीतसर मांडतो. आपल्यातल्या एका कुटुंबाची टिळकवाडीतली पुतणी बरेच महिने नीट जेवत नाही. आधी अभ्यासाचा ताण म्हणून सोडून दिलं, मग कुणाची तरी नजर लागली म्हणून मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या, आणि शेवटी डॉक्टरांनी अ‍ॅनोरेक्सिया म्हणून सांगितलं, म्हणजे वजन वाढायच्या भीतीने जेवण तोडण्याचा आजार. मी चार ठिकाणी बोललो तर शहापूर आणि खानापुरातून असेच फोन आले.

प्रस्ताव असा. शहापुरात एक हॉल आठवड्यातून दोन सकाळी भाड्याने घ्यायचा. वडगावच्या एक योगशिक्षिका तयार आहेत. तासभर योग, नंतर मुलींनी गोल बसून मन मोकळं करायचं. २१ जूनला योगदिनाच्या मुहूर्तावर सुरुवात. गणपतीची शिल्लक आहे, त्यात वर्षभर निभेल. मतं कळवा.

नाना

---

प्रेषक: अनगोळकर काका
विषय: उत्तर: बेळगावच्या योगवर्गासाठी निधी

उत्तम कल्पना. आमच्या वेळी असले आजार नव्हते, ताटात पडेल ते खायचो आणि व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर हुंदडायचो. एक सूचना : नुसती आसनं नकोत, शुद्धिक्रियाही ठेवा. जलनेती, कुंजल, महिन्यातून एकदा शंखप्रक्षालन, म्हणजे मिठाचं पाणी पिऊन आतडी धुऊन काढणं. पोट साफ झालं की भूक आपोआप लागते.

---

प्रेषक: निपाणीची वहिनी
विषय: उत्तर: उत्तर: बेळगावच्या योगवर्गासाठी निधी

काका, रागावू नका, पण कुंजल अजिबात नको. मिठाचं कोमट पाणी पोटभर प्यायचं आणि ओकून टाकायचं, हे बुलिमिया (भरमसाट खाऊन मग ओकून टाकायचा आजार) असलेल्या मुलीला शिकवायचं? ती आधीच जेवण झाल्यावर न्हाणीघरात नळ सोडून तेच करत असते. सारखं ओकून रक्तातलं पोटॅशियम उतरतं, आणि ते उतरलं की हृदयाचे ठोके बिघडतात. त्यात जीव जाऊ शकतो. शंखप्रक्षालन, जुलाबाच्या गोळ्या, ‘डिटॉक्स’चे काढे, सगळी एकाच माळेतली.

आणि आमच्या वेळी नव्हतं असंही नाही. दर संकष्टीला, दर सोमवारी, शिवाय गुरुवारी उपास धरणारी एखादी आत्या प्रत्येक वाड्यात होती. तिच्या पारण्याच्या ताटात काय पडतं आणि त्यातलं किती पोटात जातं, हे कुणी बघितलं नाही. उपासाला आपल्याकडे मान आहे, म्हणून त्याच्याआड लपणंही सोपं. (सगळ्याच उपासकऱ्यांना आजारी ठरवत नाहीये. माझी आई अजून एकादशी करते आणि दुसऱ्या दिवशी दोन माणसांचं जेवते.)

आता नानांचा प्रस्ताव. मी इथे हॉस्पिटलच्या वॉर्डात या मुली रोज बघते, म्हणून स्पष्टच लिहिते. इंग्लंडमध्ये कुठले उपचार द्यावेत ते सांगणाऱ्या ‘नाइस’ या सरकारी संस्थेने २०१७ साली खाण्याच्या विकारांवर ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात उपचार म्हणून काय देऊ नये त्या यादीत योगाचं नाव घेऊन लिहिलंय. योग वाईट आहे असा त्याचा अर्थ नाही. उपचार म्हणवण्याइतका पुरावा त्याच्यामागे नाही, एवढंच. उलट बाजूलाही काही आहे. २०१० साली अमेरिकेत सिएटलला ११ ते २१ वयाच्या ५० मुली आणि ४ मुलग्यांवर अभ्यास झाला. नेहमीचे उपचार सगळ्यांचेच चालू होते, त्यातल्या काहींना वर आठ आठवडे योग दिला. योग करणाऱ्यांचा विकार उतरत गेला, तास संपल्यावर डोक्यातला खाण्याचा घोळ कमी झाला, आणि भीती होती तसं वजनही घटलं नाही. पण त्या पोरांच्या पाठीशी डॉक्टर होते, आहारतज्ज्ञ होते. आपल्या हॉलमध्ये सतरंजी आणि चहाचा थर्मास असणार.

अ‍ॅनोरेक्सियाच्या मुलीची नाडी मिनिटाला ४०च्या खाली गेली असेल तर तिची जागा हॉस्पिटलात आहे, वृक्षासनात नाही. उपाशी राहून हाडंही ठिसूळ झालेली असतात. तेव्हा रक्ततपासणी आणि ईसीजीशिवाय कुणालाही सतरंजीवर घेऊ नये.

‘हट्टी आहे, लाडावलीय’ हे घरोघरी ऐकू येतं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट पुरुषांना स्वखुशीने सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा अन्नावर कसं आणायचं ते शिकायला. बारीक व्हायचं वेड त्यांच्यातल्या कुणालाच नव्हतं. तरी ते गडी पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, एकेक जेवण रेंगाळत लांबवायला लागले, चिडचिडे झाले, माणसांत बसेनात. भूकच डोकं असं करून टाकते. त्यामुळे आधी पोटात अन्न, मग मन मोकळं करणं. उपाशी डोक्याशी गप्पा मारून फार काही हाती लागत नाही. आणि अन्न म्हणजे आजीने एका दिवसात तुपाचे चार लाडू चारणंही नव्हे. फार दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट कोसळतं, तेही जिवावर बेततं. किती आणि कसं वाढवायचं ते डॉक्टरांनी सांगायचं.

सगळ्या मुली एका गोलात बसवायचं म्हणताय, त्याबद्दल : रात्री सगळे झोपल्यावर कुंद्याचं अर्धा किलोचं खोकं उभ्या उभ्या संपवून सकाळी लाजेने तोंड लपवणारी मुलगी ही वेगळी केस. त्या आजाराला, बिंज इटिंगला, अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात २०१३ साली स्वतंत्र जागा मिळाली. त्यात गटाचा उपयोग होतो, पण तो गट प्रशिक्षित माणूस चालवतो. ‘नाइस’च्या त्याच सूचनांत आठवड्याला दीड तास, अशी १६ सत्रं सांगितली आहेत. तिला आणि हाडं दिसणाऱ्या मुलीला शेजारी बसवलं तर दोघी एकमेकींकडे बघून आणखी खचतील.

माझं मत विचाराल तर गट आधी आयांचा करा. लंडनच्या मॉड्सली हॉस्पिटलात १९८०च्या दशकात जी पद्धत बसवली गेली, ती आता बऱ्याच ठिकाणी किशोरवयीन अ‍ॅनोरेक्सियाला पहिली दिली जाते : जेवणाचा ताबा काही काळ आईबापांनी घ्यायचा, प्रत्येक जेवणाला मुलीसोबत बसायचं, ताट संपेपर्यंत. आपल्या घरांत हे जमण्यासारखं आहे, आणि मोडतंही आपल्याच घरांत. आई बसते, तेवढ्यात आजी म्हणते “राहू दे गं, नको जबरदस्ती”, आणि काका म्हणतात “बारीक झाली, छान दिसते, आता स्थळं येतील.” काका म्हणजे तुम्ही नव्हे.

— वहिनी

---

प्रेषक: योगवाल्या काकू, वडगाव
विषय: उत्तर: बेळगावच्या योगवर्गासाठी निधी

नमस्कार. नानांनी ही पत्रं मला पाठवली म्हणून लिहितो. मी तुमच्या मंडळाची नव्हे, पण ज्या हॉलचं बोलताय तिथं शिकवणारी मीच की.

वहिनींचं बरोबर आहे. माझ्याकडं बहुतेक बायका वजन कमी करायलाच येतात. दारात काटा आहे, भिंतीवर ‘पोट कमी करा’चा बोर्ड आहे. तो बोर्ड बघून फी येते, खोटं कशाला बोलू. मागं एक पोरगी यायची. बारा सूर्यनमस्कार झाले की सगळ्या आडव्या पडायच्या, ती भिंतीकडं तोंड करून घालतच राहायची. एप्रिलच्या उन्हात अंगात स्वेटर, आणि हाताची नखं निळसर. आईला बोलावलं तर आई म्हणाली, शिस्तीची आहे हो पोर, बाकीच्यांनी शिकावं तिच्याकडून.

तेव्हा वर्ग घ्यायचा तर मी असा घेतो : काटा बाहेर, बोर्ड खाली. कपालभाती नाही, पोट आत ओढायचं काही नाही. सूर्यनमस्कार डॉक्टरची चिठ्ठी असेल तरच, तेही मोजून नाही. मोजायला लावलं की त्या पोरी आकड्याच्या मागं लागतात. खुर्चीवर बसून करायची आसनं, लांब श्वास, शवासन भरपूर. उठताना कुशीवर वळून सावकाश, कारण यांना उठल्या उठल्या गरगरतं. विचारल्याशिवाय अंगाला हात लावणार नाही. आणि ‘चरबी’ शब्द माझ्या तोंडी बसलाय, तो काढायला मला वेळ लागेल.

आणखी दोन गोष्टी. निम्म्या पोरी घरात कन्नड बोलतात, वर्ग दोन्ही भाषांत चालंल. हॉलवर मंडळाची पाटी लावायचं मनात असेल तर लावू नका, मराठी-कन्नड पाटीवरून इथं काय वाद होतात ते तुम्हाला सांगायला नको. दुसरं, सगळे पोरींचंच बोलताय. तालमीतली पोरं वजनगटात बसायला कुस्तीआधी दोन-दोन दिवस पाणी तोडतात, लष्कर भरतीची पोरं वेगळीच. त्यांना कोण विचारतं?

---

प्रेषक: (नाव नको)
विषय: गटाबद्दल

मी चिकोडीची, आता इथे शिकते. मला हा आजार होता. पूर्ण गेला म्हणायला अजून जीभ धजत नाही.

मी दोन गटांत होते. पहिला कॉलेजमधल्या मैत्रिणींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, नाव ‘हेल्दी गर्ल्स’. त्यात आम्ही एकमेकींना शिकवलं : डबा कुणाला द्यायचा, पोळीचे तुकडे करून ताटाच्या कडेला कसे पसरायचे म्हणजे खाल्ल्यासारखं दिसतं, वजन करायच्या आधी किती पाणी प्यायचं. प्रेमाने शिकवलं सगळं. दुसरा गट इथला, चालवणारी बाई शिकलेली. तिथे किलो नाही, कॅलरी नाही, जुने फोटो नाहीत. कुणी आकडा उच्चारला तर ती वाक्य तिथेच थांबवायची. पहिल्या दिवशी मला वाटलं, मग बोलायचं तरी काय? नंतर कळलं की आकडे काढले तर मला बोलायला काही उरलंच नव्हतं, आणि उपचार तिथून सुरू झाला.

शहापूरच्या हॉलमध्ये गोल बसलेल्या मुलीची बातमी संध्याकाळपर्यंत खडेबाजारात पोचेल. ती दुसऱ्या वेळी येणार नाही. ऑनलाइन ठेवा, कॅमेरा बंद चालेल असं आधीच सांगा.

योगाने मला एक दिलं. ‘कसं दिसतंय’ सोडून ‘कसं वाटतंय’ असं शरीराला विचारता आलं. पण हे दीड वर्षाच्या उपचारानंतर. आधी केला असता तर मीही भिंतीकडे तोंड करून घातले असते.

---

प्रेषक: नाना (कार्यवाह)
विषय: सुधारित प्रस्ताव

मंडळी,

२१ जूनचा मुहूर्त रद्द. हॉलचं आगाऊ भाडं दिलं नव्हतं, ते बरं झालं.

निधी असा वळवतो. पहिला खर्च तपासण्या आणि आहारतज्ज्ञाची फी. धारवाडच्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत, डिमहान्समध्ये, जायचं तर एका बाजूने ७०-८० किलोमीटर आलं. ज्या घरांना ते झेपत नाही त्यांचा गाडीखर्च आपला. त्यापुढे लागलं तर बंगळुरूची मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था, निमहान्स, आहेच. दरम्यान कुणाला नुसतं बोलायचं असेल तर केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा टेलिमानस, १४४१६, चोवीस तास फुकट. २०२२ पासून चालू आहे.

दुसरं, आयांचा गट, महिन्यातून दोनदा, ऑनलाइन. पहिली काही सत्रं चालवायला तिथला एखादा प्रशिक्षित मानसोपचारवाला मिळेपर्यंत सुरू करायचं नाही, अशी वहिनींची अट आहे आणि ती मी मान्य केली आहे. वडील आले तर स्वागत. येणार नाहीत असं गृहीत धरून आमंत्रण फक्त बायकांना पाठवू नये.

तिसरा योगवर्ग. काकूंच्या अटींवर, डॉक्टरांची चिठ्ठी आणणाऱ्यांनाच, पाटीशिवाय. तालमीच्या पोरांचं काय करायचं ते मला सुचलेलं नाही. काका, अनगोळात तुमच्या ओळखीचे वस्ताद आहेत, त्यांच्याशी तुम्ही बोलाल का? कुंजलचा विषय न काढता.

हरकती रविवारपर्यंत, इथेच, सगळ्यांसमोर. मला खासगी फोन नकोत, मागच्या गणपतीच्या हिशेबाचेच अजून येतायत.

नाना