मदत हवी आहे: सह्याद्रीची लांबची रांग आणि कॅनव्हासवरची बुरशी

नमस्कार मंडळी. राहायला रत्नागिरीत. देवरुखकडच्या सड्यावरून (कातळाच्या पठारावरून) दिसणारी सह्याद्रीची रांग सहा फुटी कॅनव्हासवर तैलरंगात रंगवतोय.

लांबचा डोंगर निळा करा, असं शिकवतात. पण आपल्याकडे हवेतल्या बाष्पामुळे तो निळा कमी आणि दुधी-राखाडी जास्त दिसतो. पांढरा मिसळला की रंग खडूसारखा मरतो, डोंगर मागे जायच्या ऐवजी सपाट होतो. रशियन चित्रकार निकोलाय रोरिक 1928 पासून कुलूजवळ नग्गरला राहिले आणि हिमालय बराचसा टेंपरात, म्हणजे पाण्यात कालवायच्या रंगात, रंगवला. टेंपराला चकाकी नसते, त्यामुळे मागचे थर किती सुरेख विरतात! तैलरंगात तसं कसं साधायचं? पातळ ग्लेझ (पारदर्शक थर) द्यावेत की झिंक व्हाइट (जस्ताचा पांढरा रंग) वापरावा? झिंकचा थर पुढे ठिसूळ होऊन तडकतो, म्हणून हात आखडतो.

शिवाय पावसाळ्यात कॅनव्हासच्या मागे बुरशीचे ठिपके येतात आणि जवसाच्या तेलाचा थर बोटाला चिकटतच राहतो. चित्र भिंतीपासून सुटं ठेवलंय, पंखाही चालू असतो. फळीवर कापड चिकटवून एवढं मोठं काम कोणी केलंय का? फळी दमटपणाने वाकते का? सावर्डे-देवरुखकडच्या चित्रकारांनी तर नक्की सांगा, हवा तुमची-आमची एकच आहे.