नाताळला घरी काय न्यावं? पेटीत जाऊन पडणार नाही असं सुचवा

नवापूरची_लेक

सलाम मंडळी. मी जळगावात शाळेत शिकवते, माहेर नवापूर तालुक्यात. २३ डिसेंबरला भुसावळ-सुरत लाईनच्या गाडीने घरी निघणार. अमळनेर, दोंडाईचा येईपर्यंत डब्यात पाय ठेवायला जागा उरत नाही, त्यामुळे दोन पिशव्यांत मावेल तेवढंच न्यायचं. हाताशी चार हजार आहेत. माणसं: आजी, आई, दादा, वहिनी, दादाचा मुलगा (सहावीत, आश्रमशाळेत राहतो), त्याची सहा वर्षांची बहीण, आणि आमच्या चर्चच्या पाळक साहेबांचं घर.

खरी अडचण पैशाची नाही, आजीची आहे. दोन वर्षांपूर्वी फुले मार्केटमधून तिच्यासाठी मरून रंगाची लोकरी शाल नेली होती. आजीने घडी उलगडली, गालाला लावून बघितली, मग परत तशीच घडी घालून खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीत ठेवली. मागच्या नाताळला गाण्यांचं पुस्तक शोधायला मी ती पेटी उघडली. शाल तिथेच, डांबरगोळ्यांच्या वासात. तिच्याखाली माझ्या पहिल्या पगाराचा स्टीलचा डबा, किमतीचं स्टिकर अजून चिकटलेलं. त्याखाली मावशीने दिलेले दोन टॉवेल, प्लास्टिकच्या पिशवीसकट. आणि ही बाई २५ तारखेच्या सकाळी उपासनेला चालली होती विरलेला पदर कानांवर ओढून! विचारलं तर म्हणाली, "चांगलं आहे गं, वापरून खराब कशाला करू?"

आणखी एक पराक्रम माझाच. गेल्या वर्षी सगळ्यांचे फोटो छापलेले कप ऑनलाइन मागवले. सहापैकी तीन फुटून आले. उरलेल्यांपैकी एकावर दादाचं डोकं कपाळापासून वर कापलेलं. दादा त्यातच चहा पितो, मला चिडवायला.

तर नुसतं "काहीतरी छान द्या" नको. वापरात येईल असं सांगा.

गार्डाचा_डबा

बेटा, मी भुसावळचा, रेल्वेतून निवृत्त. माझे निम्मे नाताळ ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे मालगाडीच्या शेवटच्या गार्डाच्या डब्यात गेले, म्हणून घरच्यांना काय द्यायचं यावर विचार करायला मला भरपूर वेळ मिळालेला आहे.

आजीला नवीन काही देऊच नकोस. जुनं दुरुस्त करून दे. दुरुस्त केलेली वस्तू कोणी पेटीत ठेवत नाही, कारण ती आधीपासून वापरातलीच असते. माझ्या आईची विळी इतकी बोथट झाली होती की कांदा चिरायच्या ऐवजी चेपायचा. मी एका नाताळला विळी फडक्यात गुंडाळून नेली, पातं नीट धार लावून घेतलं, पाटाचा हलणारा खिळा बदलला. पंधरा-वीस रुपयांचं काम असेल त्या वेळी. तिने त्याआधी माझ्याकडून घेतलेल्या साड्यांचं एवढं कौतुक केलं नव्हतं.

दुसरं, आजी पवित्र शास्त्र (बायबल) वाचते का अजून? वाचत असेल तर पुस्तक किती लांब धरते ते बघ. हात पूर्ण लांबवत असेल तर चष्म्याचा नंबर बदललाय. तिला डोळे तपासायला घेऊन जा, तीच भेट. सोबत मोठ्या टायपाचं पवित्र शास्त्र मिळतं ते घे. मात्र आधी चष्मा, मग पुस्तक.

बामणोदची_सून

ताई, खायचं न्या. खायची वस्तू पेटीत ठेवली तर मुंग्याच तिला बाहेर काढतात.

आमच्याकडे सध्या भरिताचा मोसम आहे, पण वांगी नेऊ नका, त्या गर्दीत चेपून घरी पोचायच्या आतच भरीत होईल. कळण्याचं पीठ न्या. किलोभर ज्वारीला पाव किलो अख्खे काळे उडीद, खडे मीठ घालून दळून आणायचं. पाळक साहेबांकडे दोन किलो द्या. आलं-गेलं फार असतं त्यांच्याकडे, मिठाईचे पुडे तर ढिगाने येत असतील; पीठ कोणी देत नाही. सावदा-फैजपूर रस्त्याला केळीचे वेफर्स ताजे तळून देतात, तेही घ्या. पिशवी हवा भरलेली ठेवायला सांगा आणि वरच्या बाजूला ठेवा, नाहीतर घरी चुरा पोचेल.

येताना नवापूरची तूरडाळ आणा. आमच्या वांग्याला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे तसं तुमच्या तुरीलाही आहे, हे मला इथली बाई सांगायची तेव्हा खरं वाटायचं नाही. शिजवली तेव्हा पटलं.

आणि एक विचारू? यादीत वहिनीचं नाव आहे, पण तिच्याबद्दल तुम्ही एक ओळही लिहिली नाही. कृपा करून कुकर-कढई असलं घराचं सामान तिच्या नावावर खपवू नका. २५ तारखेला उपासनेहून आल्यावर चुलीपुढे कोण बसतं? त्या दिवसाचा स्वयंपाक तुम्ही करा, आणि वर तिच्या एकटीसाठी काहीतरी.

धुळेकर_भो

एवढा विचार कशाला? पाकिटात पाचशे-पाचशे घाला, मोकळ्या व्हा.

नवापूरची_लेक

@धुळेकर_भो, आजीला दिलेले पाचशे मला २७ तारखेला गाडीच्या खिडकीतून परत मिळतात. दर वर्षी.

@बामणोदची_सून, वहिनीचं वाचून तोंडात मारल्यासारखं झालं. बरोबर आहे तुमचं.

धुळेकर_भो

हा हा, मग राहू द्या पाकीट. दादा शेती करतो ना? मग माझं ऐका, मी स्वतः करतो. सध्या गहू-हरभऱ्याला पाणी चालू असणार. शेतीची लाईट काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत एका हातात फावडं, मोबाईलची बॅटरी दातात धरलेली, आणि बांध फुटला की ओरडायलाही तोंड मोकळं नाही. त्याला डोक्याला बांधायची चार्जिंगची बॅटरी घ्या. लांब झोत पडणारी नको, पायाखाली पसरट उजेड देणारी. पट्टा रबरी नको, कापडी इलॅस्टिकचा बघा. आणि गमबूट. डिसेंबरात रात्री दोन वाजता त्या पाण्यात अनवाणी उभं राहून बघा म्हणजे कळेल. माप पाहिजे तर वहिनीला त्याचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने काढायला सांगा आणि फोटो नको, लांबी सेंटिमीटरमध्ये मागवा.

पुतणीचं सुकन्या समृद्धीचं खातं आहे का? दहा वर्षांच्या आत उघडावं लागतं आणि ते आई-वडिलांनी किंवा कायदेशीर पालकानेच उघडायचं, नुसत्या आत्याला जमणार नाही. वर्षाला कमीत कमी २५० रुपये. दर नाताळला तिच्या खात्यात आत्याची रक्कम. हे पाकीट तरी खिडकीतून परत येणार नाही.

आश्रमशाळा_वाला

मुलाला कुलूप दे, ताई. चांगलं, जाड. आमच्या वेळी पेटीचं कुलूप दगडाने उघडायचं. एक किल्ली अधीक्षकांकडे, एक गळ्यात काळ्या दोऱ्यात. टॉवेल दिलास तर नाव दोऱ्याने शिवून दे, पेनाने लिहिलेलं चार धुण्यांत जातं आणि मग टॉवेल सगळ्यांचा होतो. खाऊ देशील तर आधी विचार खोलीत मुलं किती आहेत. माझ्या आत्याने एकदा माझ्यापुरते सहा लाडू पाठवले होते. आम्ही चौदा जण होतो. ते लाडू मी अंधारात खाल्ले, अजून आठवतं.

गार्डाचा_डबा

शालीचं राहिलं. ती शाल आहे तशीच पेटीतून काढ, तूच अंगावर घे. दोन दिवस वापर. चुलीजवळ बस, चहा सांडला तर सांडू दे. मग धुवून आजीला दे. नवी राहिलीच नाही तर जपणार काय?

नवापूरची_लेक

२८ डिसेंबर, जळगाव. सगळ्यांना नाताळच्या उशिरा शुभेच्छा.

बॅटरी आणि गमबूट मिळून साधारण तेराशेला पडले. दादा पहिल्या रात्री पाणी भरून आला आणि डोक्याची बॅटरी न काढताच जेवायला बसला. ज्याच्याकडे बघेल त्याचे डोळे दिपायचे. कुलूप पसंत पडलं. खोलीत अकरा मुलं आहेत, वेफर्स त्या हिशोबाने दिले. सुकन्याचं खातं नव्हतं, वहिनी जानेवारीत पोस्टात जाणार आहे. तिच्यासाठी मी हिरव्या काचेच्या बांगड्या आणि हातापायाला लावायचं क्रीम नेलं होतं, पण तिला जास्त आवडलं ते २५ला दुपारी तीन तास झोपायला मिळालं ते. भात मी करपवला. आई काही बोलली नाही. तिची विळी नवापूरच्या बाजारातून धार लावून आणली, तिने ती लगेच भाजीवर चालवून बघितली.

आजीच्या चष्म्याचं काम अर्धं झालंय. डोळे तपासले, एका डोळ्यात मोतीबिंदू निघाला. जानेवारीअखेर पुन्हा न्यायचंय, त्यामुळे मोठ्या टायपाचं शास्त्र तूर्त माझ्याकडेच.

शाल मात्र जमली. २३ला रात्री पोचल्या पोचल्या काढली, दोन दिवस मी पांघरली, आणि चहा सांडायला काही विशेष कष्ट पडले नाहीत. २५च्या पहाटे डाग पुसून आजीच्या खांद्यावर टाकली. तिने डागाचा ओला भाग चिमटीत धरून बघितला, "वाया घालवलीस ना," म्हणाली, आणि तीच पांघरून उपासनेला आली.

बॅटरीचा रिकामा खोका सापडत नव्हता, वॉरंटीचा कागद त्यात होता म्हणून शोधत होतो. पेटीत निघाला. "चांगला आहे," म्हणे.