३.५५ काढून ४.१० टाकू का? – प्रतिसाद
भाऊ, डिफरन्शियलचा (चाकांना फिरवणाऱ्या शेवटच्या गिअरचा) ३.५५ रेशो काढून ४.१० टाकू का विचारताय, तर टाका, पण तुमचा गिअरबॉक्स चार स्पीडचा आहे, टॉप गिअर १.०० चा, म्हणजे इंजिन जितकं फिरेल तितकाच पुढचा शाफ्ट फिरतो, ते विसरू नका. २०५/६० आर १५ टायरवर १०० च्या स्पीडला ३.५५ ने इंजिन साधारण ३००० आरपीएम (मिनिटाला फेरे), ४.१० ने ३४७० च्या आसपास, म्हणजे ठाण्यापर्यंत कान किटणार. मी हेच करून बसलो होतो, सिडकोतून सिग्नलला सुटताना लय भारी वाटायचं अन इगतपुरी येईस्तोवर डोकं उठायचं. आधी ०.८० ओव्हरड्राइव्हवाला (पाचव्यात इंजिन कमी फिरतं असा) पाच स्पीड गिअरबॉक्स शोधा, मग खुशाल ४.१०, तेच १०० ला २७८० वर येतं आणि कसारा घाटात चौथा टाकला की खेचते पण मस्त. आणि हो, क्राउन-पिनियनचा (डिफरन्शियलमधल्या त्या गिअरच्या जोडीचा) बॅकलॅश, म्हणजे दात्यांमधली मोकळीक, डायल गेज (मोजायचं घड्याळ) लावूनच सेट करून घ्या, माझा मेकॅनिकने अंदाजाने बसवला, ६० च्या पुढे नुसतं हूंऽऽ.